वेगासच्या क्लबमध्ये टेबल घेताना आधी नकाशा, मग बाटली

प्रश्न थोडक्यात असा: मित्राच्या लग्नाआधीची पार्टी, लेबर डेचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंड, लास वेगास. दहा जण, त्यात सात पुरुष आणि तीन बायका. एका मोठ्या क्लबचा होस्ट, म्हणजे टेबलांचं बुकिंग बघणारा माणूस, ‘डान्स फ्लोअरजवळचं’ टेबल 3000 डॉलर मिनिममला (निदान तेवढ्याचं मागवलंच पाहिजे या अटीवर) देतोय आणि वरच्या मजल्यावरचं 2000 ला. कुठलं घ्यावं?

आत्ता लगेच कुठलंच घेऊ नका. दोन्ही ऑफरमध्ये टेबलाचा नंबर नाही. ‘डान्स फ्लोअरजवळ’ म्हणजे फ्लोअरला खेटलेली पहिली रांग असू शकते, तिच्यामागची दुसरी असू शकते, किंवा खांबाच्या आड, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं टेबलही असू शकतं. होस्टच्या दृष्टीने तिन्ही जवळच. वरच्या मजल्याचंही तेच. कठड्याला लागून असलेलं टेबल आणि त्याच्या मागचं टेबल यांत पाचेक फुटांचं अंतर असतं, पण पुढच्यावरून अख्खा हॉल दिसतो आणि मागच्यावरून पुढच्या टेबलावर उभ्या असलेल्या लोकांच्या पाठी. होस्टकडे बसण्याचा नकाशा असतोच, तो मागून घ्या. त्यावर तुमचं टेबल गोल करून पाठवायला सांगा. नक्की नंबर द्यायला तयार नसेल, तर निदान कुठली रांग आणि त्या रांगेतली कुठून कुठपर्यंतची टेबलं, एवढं मेसेजमध्ये लेखी घ्या. फोनवर कबूल केलेली रांग रात्री अकरा वाजता दारात कोणाला आठवत नाही.

आता भावाचं गणित. दुकानात 25-30 डॉलरला मिळणारी व्होडकाची 750 मिलीची बाटली क्लबच्या मेनूवर सहज 600 डॉलरच्या घरात असते. जागेचं भाडं, वेगळी प्रवेशरांग, टेबलापाशी उभा बाउन्सर, वेट्रेस, डीजेचं मानधन, सगळं त्या बाटलीच्या भावातून वसूल होतं. मेनू मात्र सगळ्या टेबलांना एकच. कोपऱ्यातल्या टेबलावर आणि स्टेजपाशी तीच बाटली त्याच भावाने येते. बदलतं ते मिनिमम, म्हणजे किमान किती रुपयांचं, अर्थात डॉलरचं, तुम्ही मागवलंच पाहिजे तो आकडा. म्हणून ‘कुठली बाटली घ्यायची’ यावर ग्रुपमध्ये आठवडाभर चर्चा करण्यात अर्थ नाही.

मध्यरात्री साडेबारा ते दोनच्या दरम्यान तुमचा ग्रुप काय करणार आहे, ते आधी ठरवा. दारं साडेदहाच्या आसपास उघडतात, पण मुख्य डीजे बहुतेक रात्री एकच्या आगेमागेच येतो. टेबलाची खरी किंमत त्या दीड-दोन तासांत वसूल होते किंवा वाया जाते.

नाचणारा ग्रुप असेल तर फ्लोअरला लागून असलेली पहिली रांग. त्रासही तिथेच सगळ्यात जास्त, हे धरून चला. एक वाजता गर्दी टेबलाच्या कडेपर्यंत येते, अनोळखी लोक तुमच्या कठड्यावर ग्लास ठेवतात, सोफ्यावर बसायला बघतात. बाउन्सर त्यांना हटवतो, पण तो बऱ्याचदा दोन-तीन टेबलांना मिळून एक असतो. पर्स, जॅकेट, फोन सोफ्याच्या बाहेरच्या टोकाला ठेवू नका. कॉन्फेटी आणि गार धुराचे फवारे या रांगेवर आधी येतात, ग्लासात कागद पडतात.

स्टेजवर, डीजेच्या मागे किंवा बाजूला असलेली टेबलं सगळ्यात महाग असतात. ती दिसण्यासाठी आहेत, बघण्यासाठी नाहीत. डीजेची पाठ दिसते, समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर येतो. मुख्य स्पीकरची तोंडं फ्लोअरकडे असल्यामुळे मागे बास (खर्जातला आवाज) घुमतो आणि वरचे सूर बोथट येतात. इन्स्टाग्रामसाठी उत्तम जागा. नवरदेवाचा तोच हट्ट असेल तर त्याला पैशाची पूर्ण कल्पना देऊन घ्या.

गप्पा मारणारा, मधूनच नाचून येणारा मिश्र ग्रुप असेल तर वरच्या मजल्यावरचं कठड्याचं टेबल हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा. पण फक्त कठड्याचं. दुसऱ्या रांगेसाठी मिनिमम भरण्यापेक्षा साधी तिकिटं काढून खाली नाचलेलं बरं. सीझर्स पॅलेस हॉटेलमधला ओम्निया क्लब 2015 साली उघडला, त्याच्या मुख्य हॉलवर सुमारे दहा टन वजनाचं, वर्तुळांनी बनलेलं हलतं झुंबर आहे. ते नीट बघायचं तर खाली फ्लोअरवर मान मोडावी लागते. वरच्या कठड्यावरून मात्र झुंबर आणि खालची गर्दी दोन्ही एकाच नजरेत येतात. तिथेच ‘हार्ट’ नावाची वेगळी छोटी खोली आहे, तिचं संगीत वेगळं असतं, आणि स्ट्रिपकडे, म्हणजे वेगासच्या मुख्य रस्त्याकडे, बघणारी गच्चीही आहे. त्यामुळे ‘ओम्नियात टेबल मिळालं’ हे वाक्य अपुरं आहे. मुख्य हॉल, हार्ट की गच्ची, हे विचारायलाच हवं. गच्चीवर बसून ज्याच्या नावाने पैसे भरले त्या डीजेचं संगीत लांबून ऐकणारे ग्रुप दर आठवड्याला असतात.

एन्कोर हॉटेलमधला एक्सएस क्लब वेगळ्या घडणीचा. आत डान्स फ्लोअर, दारं उघडली की बाहेर पूल आणि त्याच्या कडेने टेबलं व कबाना (आडोशाचे छोटे मांडव). बाहेर मोकळं वाटतं, बोलणं ऐकू येतं, मिनिममही साधारण आतल्यापेक्षा कमी असतं. पण बाहेरच्या सगळ्या टेबलांवरून डीजे दिसत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला वेगासमध्ये रात्रीही चांगलंच गरम असतं, जोधपुरीचा कोट चढवून नवरदेवाला बाहेर बसवाल तर तासाभरात तो आत पळेल.

कुठल्याही क्लबमध्ये टाळायच्या जागा त्याच त्या: स्पीकरच्या थेट समोर, बाथरूमच्या वाटेवर, बार किंवा वेट्रेसच्या स्टेशनला चिकटून, खांबाच्या मागे, आणि भिंतींच्या कोपऱ्यात, कारण बास कोपऱ्यात साचतो. स्पीकरची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. 100 डेसिबलला अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थेची सुरक्षित मर्यादा फक्त 15 मिनिटांची आहे आणि अशा क्लबच्या फ्लोअरवर ती पातळी सहज ओलांडली जाते. इअरप्लगच्या दहा जोड्या फार्मसीतून दहा-पंधरा डॉलरला येतात.

आता बिल. मिनिमम म्हणजे बिल नव्हे, इथेच ग्रुप फसतात. 3000 चं मिनिमम धरून हिशेब करून दाखवतो. वेगास ज्यात येतं त्या क्लार्क काउंटीचा विक्रीकर 8.375 टक्के, म्हणजे 251 डॉलर. टिप बिलात आपोआप लावली जाते, ती 20 टक्के धरली तर 600. शिवाय नेवाडा राज्याचा 9 टक्के मनोरंजन कर. तो मुळात प्रवेशशुल्कावरचा कर आहे, म्हणून तुमच्या हिशेबात तो कुठल्या रकमेवर धरलाय ते विचारा. पूर्ण रकमेवर धरला तर 270. झाले 4121. काही क्लब यावर आणखी तीन-चार टक्के व्यवस्थापन शुल्क लावतात. म्हणजे 3000 च्या टेबलाचे माणशी 300 नव्हे, 412 पेक्षा जास्त. होस्टला ‘सगळं धरून शेवटचा आकडा किती’ असं विचारा आणि तो आकडाही लेखी घ्या.

ते पैसे आधी गोळा करा. रात्री तीन वाजता आठ कार्डांवर बिल फोडून द्यायला कोणी तयार होत नाही. ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचंच कार्ड आणि त्याचंच ओळखपत्र लागतं, नावं जुळावी लागतात. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा किती आहे ते निघण्याआधी बघा. अर्ध्या रात्री पुण्यातल्या बँकेचा ओटीपी बंद पडलेल्या भारतीय सिमवर येत असतो.

मिनिममच्या आत काय मागवायचं? 750 मिलीच्या बाटलीतून 45 मिलीचे सोळा पेग निघतात. दहा जणांना तीन बाटल्या म्हणजे माणशी जवळजवळ पाच पेग, रात्र काढायला पुष्कळ. 2000 च्या मिनिममला चौथी बाटली लागत नाही; मागवलीच तर ती टेबलावर अर्धी उरते आणि बाहेर नेता येत नाही. ज्यूस, सोडा, टॉनिक बहुधा बाटलीबरोबर येतात, पाण्याच्या बाटल्या आणि रेड बुल यांचे मात्र पैसे पडतात. तरी पाणी मागवाच, ते मिनिममच्या हिशेबात धरलं जातं. फुलबाज्या लावून मिरवत आणलेली शॅम्पेन कोणी मागवली होती हे बिल येईपर्यंत कळत नाही, म्हणून ग्रुपमधल्या एकाच माणसाला ऑर्डरचा अधिकार द्या आणि वेट्रेसला सुरुवातीलाच तो माणूस दाखवा. शक्यतो न पिणारा.

न पिणाऱ्यांवरून आठवलं. लेबर डे आणि गणपती अनेक वर्षी आसपासच येतात. ग्रुपमध्ये किती जण त्या दिवसांत पीत नाहीत ते आधी विचारा. क्लब डोकी मोजतो, पेग नाही. चार जण न पिणारे असले तरी मिनिमम दहा जणांचंच राहतं, फक्त मग तीनऐवजी दोन बाटल्या आणि बाकी खाणं-पाणी असं बसवता येतं का ते विचारता येतं. काही ठिकाणी खाणं मिळतच नाही.

पुरुष-बायकांचं प्रमाण भावात थेट उतरतं. हे गोड वाटो न वाटो, तिथला धंदा असाच चालतो. सात-तीनच्या ग्रुपला पाच-पाचच्या ग्रुपपेक्षा जास्त भाव सांगतात. होस्टला खरा आकडा सांगा. ‘चार बायका येतायत’ असं सांगून दारात दोनच उभ्या राहिल्या की भाव तिथल्या तिथे वाढतो किंवा टेबल मागे सरकतं. एका टेबलाला किती जण बसवतील तेही विचारा. सगळेच्या सगळे दहा जण एका सोफ्यावर बसत नाहीत. माणशी सव्वादोन फूट धरलं तरी बावीस-तेवीस फुटांचा सोफा लागतो आणि अशी टेबलं मोजकीच असतात. सहा बसतील, चार उभे राहतील, हे गृहीतच धरा.

होस्ट कोण आहे तेही तपासा. क्लबच्या पगारावरचा होस्ट वेगळा आणि बाहेरून ग्राहक आणून देणारा प्रमोटर वेगळा. प्रमोटर स्वस्त सांगतो, पण नकाशावर त्याचा हक्क नसतो. त्याने कबूल केलेलं टेबल क्लबच्या यादीत दिसत नसेल तर दारात तो फोन उचलत नाही. आगाऊ रक्कम फक्त क्लबच्या अधिकृत लिंकवर भरा, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. ती परत मिळण्याची मुदत किती तेही पाहा. लेबर डे, मे महिन्यातला ईडीसी या इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवाचा आठवडा, नोव्हेंबरमधली फॉर्म्युला वनची शर्यत, नववर्ष या दिवसांत ती बहुतेक परत मिळत नाही आणि मिनिममही दुप्पट-तिप्पट होतं. एक दिवस इकडेतिकडे करून चालत असेल तर शनिवारऐवजी गुरुवारचा भाव विचारून बघा.

पोचायची वेळ पाळा. मोठ्या रात्री टेबल साडेअकरा-बाराच्या पुढे धरून ठेवत नाहीत. दहा जण दोन-तीन उबरमधून निघतात आणि कॅसिनोच्या आत क्लबच्या दारापर्यंत चालायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. अकराला दारात हजर राहायचं, सगळे एकत्र. तुकड्यातुकड्यांनी आलेल्यांना मनगटाचा पट्टा मिळवून आत घ्यायला होस्टला पुन्हा बाहेर यावं लागतं, तोपर्यंत तो दुसऱ्या ग्रुपमध्ये अडकलेला असतो.

ओळखपत्रात दोन गोष्टी हमखास चुकतात. वय 21 पूर्ण हवं, अपवाद नाही. आणि भारतातून आलेल्या भावाने किंवा मेहुण्याने मूळ पासपोर्ट आणायला हवा. फोनमधला फोटो, आधार, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स यांवर विसंबू नका. कपड्यांत पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट, बंद बूट. हाफ पँट, टोपी, क्रिकेटची जर्सी, सँडल नाही. कोल्हापुरी चपला कितीही भारी असल्या तरी नाही.

आत गेल्यावर होस्ट टेबलापर्यंत नेतो, तेव्हा बसण्याआधी नकाशाशी पडताळून पाहा. जागा वेगळी असेल तर तेव्हाच बोला. पहिली बाटली उघडली की टेबल तुम्ही स्वीकारलं असं धरतात. भांडू नका, मेसेज दाखवा. कबूल केलेलं देत असतील पण त्याहून पुढचं हवं असेल, तर आतल्या मॅनेजरला शंभरेक डॉलर रोख हातात देण्याची पद्धत आहे. मात्र शनिवारी हॉल भरलेला असेल तर ते पैसे वाया जातात. नव्या टेबलाचं मिनिमम किती, हे पैसे हातातून सुटण्याआधी विचारा.

तुमच्या दहा जणांसाठी माझं मत असं: 2000 चं टेबल कठड्याचं आहे का ते विचारा. असेल तर तेच घ्या, नाचायला आळीपाळीने खाली जाता येतं आणि सामान वर राहतं. पट्टा काढू नका म्हणजे वर परत येता येईल. ते दुसऱ्या रांगेतलं निघालं तर 2500 पर्यंत कठड्याचं मागा. 3000 चं टेबल फ्लोअरच्या पहिल्या रांगेतलं आहे असं नकाशावर लिहून मिळालं, आणि ग्रुपमधले निदान सहा जण दोन वाजेपर्यंत नाचणारे असले, तरच त्याचा विचार करा. होस्टकडे दोन्ही टेबलांचा नकाशा आजच मागा. लेबर डेची चांगली टेबलं लवकर जातात.