आधी खाली बघ

अगं मुली,

तुझा तो भलामोठा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागाच होतो, पण फोनवर अंगठ्याने एवढं सगळं टाइप करायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडलाय. दोनदा वाचला. तुझा पंप कारखान्याच्या शॉपमध्ये चार तास गुपचूप चालला, टेस्ट रिपोर्टवर सह्या झाल्या, आणि साइटवर बसवल्यावर असा थरथरतोय की प्रेशर गेजचा काटा वाचता येत नाही, कस्टमर म्हणतो डिझाइनच चुकलंय, तुझा मॅनेजर मीटिंगमध्ये काही न बोलता नुसता तुझ्याकडे बघत बसला, आणि आठ महिन्यांच्या नोकरीत तू राजीनाम्याचा ड्राफ्ट लिहून ठेवलायस. असू दे ड्राफ्ट. तो काही नासत नाही, आठवडाभराने पण पाठवता येतो.

तू कॉलेजात असताना मला रेल्वे इंजिनांच्या गोष्टी सांगायला लावायचीस, आठवतं? तेव्हा मी तुला रॉकेट इंजिन, ते बनवणारे स्टीफन्सन बापलेक वगैरे जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी सांगितल्या. आज रिचर्ड ट्रेव्हिथिकची सांगतो, कारण तुझा पंप आणि त्याचं इंजिन, दोघांची कुंडली मला एकच वाटते.

हा माणूस कॉर्नवॉलचा, म्हणजे इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाच्या खाणींच्या मुलखातला. त्याच्या आधीची जेम्स वॉटची इंजिनं चालायची हवेच्या दाबाच्या आसपासच्या वाफेवर, त्यामुळे सिलिंडर अवाढव्य, वर वाफ थंड करून तिचं पाणी करणारा कंडेन्सर, आणि हे सगळं सामावायला एक अख्खी इमारत. ते चाकांवर कसलं बसतंय! ट्रेव्हिथिक म्हणाला, प्रेशर वाढवा, सिलिंडर आपोआप लहान होतो, कंडेन्सरची गरजच नाही, वापरलेली वाफ सरळ धुराड्यातून सोडून द्या. वॉटला हाय प्रेशर म्हणजे जिवाशी खेळ वाटायचा, आणि त्या काळचे बॉयलर बघता तो अगदीच चूक होता असं मी म्हणणार नाही. पण ट्रेव्हिथिकने करून दाखवलं. 21 फेब्रुवारी 1804 ला वेल्समध्ये, मर्थर टिडफिलजवळच्या पेनिडॅरेन लोखंड कारखान्यातून त्याचं इंजिन 10 टन लोखंड, पाच वाघिणी आणि त्यांच्यावर हौसेने चढून बसलेली 70 माणसं ओढत निघालं. मालकाने 500 गिनींची पैज लावलेली. वाटेत झाडं तोडावी लागली, दगड बाजूला करावे लागले, तरी साडेनऊ मैलांच्या आसपासचं अंतर 4 तास 5 मिनिटांत कापलं. रुळांवर वाफेच्या इंजिनाने माल आणि माणसं ओढल्याची नोंद असलेली ही पहिली खेप.

आणि मग? मग ते इंजिन काढून जागेवर बसवून टाकलं, कारण रूळ मोडत होते.

इथे जरा थांब. रूळ कसले होते बघ. बिडाचे, एल आकाराचे, छोटे छोटे तुकडे, खाली दगडाच्या ठोकळ्यांवर टेकवलेले, घोड्यांच्या वाघिणींसाठी घातलेले. त्यावर आलं पाच टनांच्या आसपासचं इंजिन. बीड दाबाला कितीही भक्कम असलं तरी ताणाला कच्चं, हे तुला मी सांगायला नको. दोन ठोकळ्यांच्या मधे चाक आलं की रूळ वाकायला बघतो, खालची बाजू ताणली जाते, आणि बीड वाकत नाही, सरळ तडकतं. इंजिन अगदी ठीक होतं गं. त्याच्या पायाखालचं ठीक नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच्याच डिझाइनचं एक इंजिन गेट्सहेडला बनलं, वायलमच्या कोळसा खाणीसाठी. खाणीचा मार्ग लाकडी रुळांचा, त्याला हे वजन झेपेना, इंजिन घेतलंच नाही. मग 1808 ला लंडनमध्ये गोल ट्रॅक घालून, भोवती उंच कुंपण करून, तिकीट लावून लोकांना इंजिनामागे बसवून फिरवलं, तिथे पण रूळ मोडला आणि इंजिन घसरलं. चार वर्षांत तीन ठिकाणी तोच घाव! आणि इथे मला ट्रेव्हिथिकचा खरंच राग येतो. त्याने रुळाचा पिच्छा पुरवलाच नाही. थेम्सखालचा बोगदा, ड्रेजर, जहाजांच्या लोखंडी टाक्या, मग 1816 ला पेरूच्या चांदीच्या खाणी, रोज नवीन काहीतरी. डोकं असं की दहा जणांना पुरावं, पण बूड स्थिर नाही. 1833 ला डार्टफर्डला वारला तेव्हा हातात दमडी नव्हती, अंत्यसंस्काराचा खर्च तिथल्या कारखान्यातल्या कामगारांनी वर्गणी काढून केला.

आता गंमत बघ, ज्या वायलमने त्याचं इंजिन नाकारलं त्याच वायलममध्ये, त्याच वाघिणींच्या मार्गाच्या कडेच्या एका घरात 1781 ला जॉर्ज स्टीफन्सन जन्मला होता. अठराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं, नंतर रात्रीच्या शाळेत गेला. ट्रेव्हिथिकच्या तुलनेत कल्पक कमीच म्हणेन मी, म्हणजे त्याचं 1814 चं पहिलं इंजिन काही फार वेगळं नव्हतं. पण हा इंजिनाएवढाच रुळाकडे बघायचा. 1816 ला लॉश नावाच्या कारखानदाराबरोबर त्याने बिडाच्याच रुळाचं सुधारित पेटंट घेतलं, जोड तिरपा, एकमेकांवर चढलेला, म्हणजे चाक सांध्यावरून जाताना आपटणार नाही. स्वतःचं पेटंट, स्वतःची कमाई. आणि मग 1820 ला बेडलिंग्टनच्या कारखान्यातल्या बर्किनशॉने घडीव लोखंडाचे, रोलिंग मिलमधून काढलेले लांब रूळ आणले, पंधरा पंधरा फुटांचे. बिडाचा तुकडा तीन-चार फुटांचा, हा पंधरा, म्हणजे सांधे किती कमी झाले बघ, आणि वर हा वाकतो पण तडकत नाही. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेचं काम हातात असताना स्टीफन्सनने जाऊन ते रूळ बघितले आणि कंपनीला सांगितलं, माझे नको, हे घ्या. लॉशशी त्याचं जे बिनसलं ते बिनसलंच. 27 सप्टेंबर 1825 ला ती लाइन सुरू झाली तेव्हा बराचसा मार्ग बर्किनशॉच्या रुळांचा होता. मला विचारशील तर त्याच्या सगळ्या कामगिरीत ही मला सगळ्यात मोठी वाटते, रॉकेटपेक्षाही, कारण स्वतःचं डिझाइन स्वतःच रद्द करायला जे लागतं ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं.

देव्हाऱ्यात बसवायचा माणूस तो पण नव्हे. त्याच 1825 ला लिव्हरपूल-मँचेस्टर लाइनचं बिल पार्लमेंटच्या कमिटीपुढे होतं, आणि सर्व्हेचं काम त्याने हाताखालच्यांवर सोपवलेलं, जमीनदारांची माणसं हाकलून लावायची त्यामुळे जमिनीच्या उंचीच्या लेव्हल घाईघाईत घेतलेल्या, आणि त्या त्याने स्वतः तपासल्या नाहीत. विरोधी वकिलाने तीन दिवस उलटतपासणी केली, उभा-आडवा सोलला. पुलाची उंची काय, पुराचं पाणी कुठवर येतं, उत्तरं नाहीत. बिल पडलं, त्याला कामावरून बाजूला केलं, दुसऱ्यांनी सर्व्हे केला, 1826 ला बिल पास झाल्यावर मग परत बोलावलं. म्हणजे एका मीटिंगमध्ये मॅनेजरने बघितलं म्हणून तू जे काय समजतेयस ते त्या तीन दिवसांपुढे किस झाड की पत्ती.

परत आल्यावर काय वाट्याला आलं तर चॅट मॉस. साडेचार-पाच मैलांची दलदल, भरावाची माती टाकत जायचं आणि ती गिळत जायची, आठवडेच्या आठवडे भराव वर दिसेचना. शेवटी झुडपांच्या फांद्यांच्या, हेदर नावाच्या रानझुडपाच्या विणलेल्या ताट्या थरावर थर घालून त्याने रेल्वे त्या चिखलावर अक्षरशः तरंगवली. आजही तिथून गाड्या जातात.

रेनहिलची इंजिनांची शर्यत तुला पाठ आहे, ऑक्टोबर 1829, 500 पौंडांचं बक्षीस, नॉव्हेल्टी लोकांची लाडकी आणि सगळ्यात चपळ पण सांधे दगा देत राहिले, सॉं पारेलचा पाण्याचा पंप बंद पडला, आणि सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या एकट्या रॉकेटने. ते सोड. मला त्याच्या आधीचं सांगायचंय. रॉकेटच्या बॉयलरमध्ये तीन इंची तांब्याच्या 25 नळ्या होत्या, ही कल्पना हेन्री बूथची, जो इंजिनिअर नव्हता, कंपनीच्या ऑफिसातला माणूस होता. बांधत होता जॉर्जचा मुलगा रॉबर्ट, न्यूकॅसलच्या कारखान्यात, वय पंचवीस, तुझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा. नळ्या प्लेटला पितळी स्क्रूने बसवल्या, पाण्याचा दाब दिला, आणि प्रत्येक सांध्यातून पिचकाऱ्या उडाल्या, सगळा शॉप फ्लोअर ओला. सांगतात की त्याने बापाला पत्र लिहिलं, सगळं फसलं म्हणून. बापाचं उलट टपाली उत्तर आलं, स्क्रू काढ, प्लेटला नीट भोकं पाड, नळी त्यात घट्ट बसेल अशी घाल आणि टोकं ठोकून फुलव. नळ्या त्याच, प्लेट तीच. बसवणं बदललं.

हे वाचलं की मला माझंच पहिलं वर्ष आठवतं. बॉयलरच्या कारखान्यात होतो, कुठल्या ते राहू दे, हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याचा दाब देऊन गळती बघायला, इन्स्पेक्टर उभा आणि ट्यूबशीटवर, म्हणजे ट्यूबा ज्या प्लेटमध्ये बसतात तिच्यावर, चार ट्यूबांना घाम. मी म्हटलं त्यात काय, ट्यूब आतून फुगवणारा एक्सपांडर घालून अजून रोल करू. केला. थांबलं नाही म्हणून अजून केला. ट्यूब आतून पातळ होत गेली आणि शेजारच्या दोन, ज्या ठणठणीत कोरड्या होत्या, त्या पण पाझरायला लागल्या. इन्स्पेक्टर चष्मा पुसत निघून गेला. मला रडू येत होतं, खोटं नाही सांगत. संध्याकाळी तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरने एक ट्यूब कापून बाहेर काढली, भोकात बोट घातलं आणि नख हळूच गोल फिरवलं. मग माझा हात धरून माझं नख फिरवलं. एका जागी खट्कन अडकलं. भोक गुळगुळीत करणारा रीमर बाहेर काढताना लोखंडाची चिप ओढली गेली होती, भोकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी रेघ, केसाएवढी. त्या रेघेतून पाणी येत होतं, ट्यूब कितीही फुगवली तरी येणारच होतं. तो म्हणाला, "साहेब, ट्यूबला काय झालं नाही, तिचं घर बघा." पुढची तीस वर्षं मी कुठलंही गळकं मशीन बघायला गेलो की आधी ते कशात बसलंय ते बघायचो.

विषय निघालाच आहे तर, हाच रॉबर्ट स्टीफन्सन पुढे आपल्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर झाला आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली मुंबईला चीफ इंजिनिअर म्हणून आला. 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्याच काळातली, आणि भोर घाटाची आखणी पण. तू पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याला डोकं मोबाइलमधून काढून कधी खाली बघितलंयस का? बघ एकदा. घाट 1863 ला खुला झाला, बर्कली त्याच्या आदल्या वर्षीच गेला.

असो. आता तुझा पंप. शॉपमध्ये तो टेस्ट बेडवर होता, भक्कम लोखंडी बेड, वर्षानुवर्षं सेट झालेला. साइटवर तो कोणीतरी पावसाळ्यात घाईने ओतलेल्या फाउंडेशनवर आहे, तेही सिव्हिलच्या कॉन्ट्रॅक्टरने, ज्याला तू बघितलेलं पण नाहीस. तू मला पाच पानं लिहिलीस, इम्पेलरचं, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचं बॅलन्सिंग, बेअरिंग, शाफ्टचा क्रिटिकल स्पीड, सगळं आहे, ग्राउटिंगबद्दल, म्हणजे बेसप्लेटखाली ओतलेल्या भरावाबद्दल एक ओळ नाही. तर उद्या साइटवर जा. मशीन बंद, लॉकआउट, म्हणजे कोणी मशीन चालू करू नये म्हणून लावायचं कुलूप, स्वतःच्या हाताने लाव, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. बेसप्लेटवर मॅग्नेट बसवून बारीक हालचाल दाखवणारा डायल पंपाच्या एका पायावर लाव, त्या पायाचा एकच बोल्ट सैल कर, काटा किती हलतो ते लिही, परत टाइट कर, मग पुढचा पाय. 0.05 मिमीच्या वर गेला तर तो पाय लंगडा आहे, शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी घालावी लागेल, मोटरचे चारही पाय पण असेच बघ. मग लहान हातोडी घेऊन बेसप्लेटवर वितीवितीने ठोकत जा, ग्राउट खाली भरलेलं असेल तिथे टणक आवाज येतो, नसेल तिथे भद्द, रिकाम्या डब्यासारखा, तिथे खडूने गोल कर आणि फोटो काढ. शेवटी सक्शनच्या, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या पाइपच्या जोडाचे (फ्लँजचे) बोल्ट काढ आणि बघ पाइप आपल्या जागी राहतो की टुणकन बाजूला सरकतो, सरकला तर पाइप तुझ्या पंपाला ओढतोय.

कदाचित हे सगळं ठीक निघेल आणि इम्पेलरच चुकलेला असेल. मग तसं सरळ लिहून दे, तुझ्या सहीने, मॅनेजरने विचारायच्या आधी. पण आकडे हातात घेऊन.

रविवारपर्यंत सगळ्या पायांचे रीडिंग पाठव, मी घरीच आहे.

तुझा
काका

ता. क. मॅग्नेट रंगावर चिकटवू नकोस, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढ, नाहीतर डायल हलेल आणि तू पायाला दोष देशील.