मुलगी 20 वर्षांची आहे, विशेष शाळा संपली. मुंबईत तिला कामाचं प्रशिक्षण कुठे मिळेल आणि पुढे नोकरी खरंच लागते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला सौम्य ते मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व आहे, अठराव्या वर्षी शाळा संपली आणि गेली दोन वर्षं ती घरीच आहे. आमच्याही घरात असं एक वर्ष गेलंय. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. आज तो 33 वर्षांचा आहे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 75 टक्के, म्हणजे मध्यम. गेली सात वर्षं तो विक्रोळीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करतो, भांडुपहून लोकलने एकटा जातो-येतो, पगार बँकेत जमा होतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी लागते. पण ती कशामुळे टिकते हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि ते तुम्हाला आत्ताच कळावं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

भाऊ 19 ते 25 या वयात एका कार्यशाळेत जात होता. पणत्या रंगवायच्या, पाकिटं चिकटवायची, फाइली करायच्या. त्या जागेला मी कमी लेखत नाही. सकाळी वेळेवर तयार होणं, डबा उचलणं, हातातलं काम संपेपर्यंत बसून राहणं हे सगळं तो तिथे शिकला. मित्रही तिथेच मिळाले. काही मुलांसाठी अशीच जागा कायमची योग्य असते आणि त्यात काहीही कमीपणा नाही. पण पणत्यांची गडबड दिवाळीपर्यंत. त्यानंतर महिनोन्महिने फारसं नवीन काम नसायचं, आणि हातात पडायचं ते मानधन. सहा वर्षं आम्ही ऐकत होतो, 'अजून तयार झाला नाही.' आम्हीही मान डोलवत होतो.

मग ओळखीतून लोअर परळच्या एका ऑफिसात पॅन्ट्रीचं काम मिळालं. तीन आठवड्यांत सुटलं. कप धुणं, ट्रे लावणं, बाटल्या भरणं यात त्याची एकही तक्रार आली नव्हती. बिनसलं ते वेगळ्याच ठिकाणी. सुपरवायझर म्हणायचे, 'जरा आवरून ठेव.' आवरायचं म्हणजे नक्की काय, हे त्याला कळायचं नाही, मग तो नुसता उभा राहायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांबरोबर खाली उतरला आणि परत वर जाताना लिफ्टमध्ये कोणता मजला दाबायचा ते विसरला. दीड तास खाली बाकावर बसून राहिला. कोणाला विचारलं नाही, आम्हाला फोन केला नाही. त्या लोकांनी नम्रपणे सांगितलं की मुलगा चांगला आहे, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला आमच्याकडे माणूस नाही.

त्या रात्री आई खूप रडली. मला मात्र पहिल्यांदा लख्ख दिसलं की सहा वर्षांत त्याला लिफ्ट, अनोळखी माणसाला 'मला समजलं नाही' म्हणणं, मोघम बोलण्याचा अर्थ विचारणं यातलं काहीच शिकवलं गेलं नव्हतं. कार्यशाळेत बाई कायम शेजारी असायच्या. विचारायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आधी कामाची खरी जागा ठरवली, आणि प्रशिक्षण त्या जागेवरच झालं. एका संस्थेच्या जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्या ताई, पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ त्याच्यासोबत कँटीनमध्ये उभ्या राहिल्या. मग फक्त सकाळी, मग आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा. मदत अशी हळूहळू काढून घेणं हा या कामाचा गाभा आहे. कोच एकदम नाहीसा झाला तर मुलगा कोसळतो, आणि कायम शेजारी राहिला तर मुलगा त्याच्याच तोंडाकडे बघत बसतो.

काम शिकवताना त्यांनी ते बारीक पायऱ्यांत मोडलं. 'ताटं लाव' असं त्याला कोणी सांगितलंच नाही. ताट उचल, दोन्ही बाजू बघ, खरकटं दिसलं तर डाव्या टबात टाक, नसेल तर पुसून रॅकमध्ये उभं कर, रांग भरली की खालची रांग घे. असे अकरा टप्पे झाले. कोणत्या टप्प्यावर अडतोय ते रोज वहीत लिहायचं आणि तेवढाच टप्पा पुन्हा घ्यायचा. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने 1970च्या दशकात तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला याच रीतीने शिकवलं होतं. शिकणारा अडला तर शिकवण्याची रीत बदलायची, असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या भावाच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डावा-उजवा टब त्याला महिनाभर जमेना. टबाला लाल पट्टी लावली आणि तो प्रश्न दोन दिवसांत मिटला.

प्रवासाचं प्रशिक्षण मी आणि बाबांनी दिलं, आणि त्याला तीन महिने लागले. भांडुप ते विक्रोळी मध्ये फक्त कांजूरमार्ग, पण चुकून जलद गाडीत चढला तर थेट घाटकोपर. आधी इंडिकेटरवरचं जलद-धीम्या गाडीचं अक्षर ओळखायला शिकवलं. प्लॅटफॉर्मवर उभं राहायची जागा ठरवली, म्हणजे दिव्यांगांचा डबा समोर येतो. पहिला महिना मी शेजारी, दुसरा महिना त्याच डब्यात पण लांब, तिसऱ्या महिन्यात मागच्या गाडीने. मुद्दाम चूकही करून घेतली. एका रविवारी त्याला घेऊन जलद गाडीत बसले आणि घाटकोपरला उतरल्यावर म्हटलं, आता काय करायचं? त्याने खिशातलं कार्ड काढून पोलिसाला दाखवलं. त्या कार्डावर त्याचं नाव, त्याला जायचं स्टेशन आणि आमचे दोन नंबर आहेत. पावसाळ्यासाठी वेगळा नियम आहे. गाडी मध्येच थांबली तर लोक रुळांवर उतरले तरी आपण उतरायचं नाही, बसून फोन करायचा. सात वर्षांत हा नियम त्याला दोनदा उपयोगी पडला.

तुमची मुलगी आहे म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. कामाला पाठवण्याआधी तिच्याशी शरीराबद्दल स्पष्ट शब्दांत बोला. अवयवांची खरी नावं, पाळीच्या दिवसांत कामावर पॅड कुठे आणि कसा बदलायचा, कोणी हात लावला तर मोठ्याने 'नको' म्हणून कोणाकडे जायचं. आपल्या मुलींना लहानपणापासून सगळ्यांचं ऐकायला शिकवलेलं असतं, आणि त्याचाच गैरफायदा घेतला जातो. तिला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, अगदी तुम्हालासुद्धा. घरात ती नाही म्हणाली तर ते ऐका, म्हणजे त्या शब्दाला वजन आहे हे तिला कळेल.

आता जागा. शिवडीची जय वकील ही संस्था एका जोडप्याने 1944 मध्ये आपल्या मुलीसाठी सुरू केली. तिथे शाळेबरोबर 18 वर्षांवरच्यांसाठी कामाचं प्रशिक्षण आहे. सोफिया कॉलेजच्या आवारातली एसपीजे साधना शाळा 1973 पासूनची, तिचा व्यवसाय प्रशिक्षणाचा भाग चांगला आहे. ओम क्रिएशन्स ट्रस्टमध्ये मुली स्वयंपाक आणि हस्तकलेचं काम करतात, तुमच्या मुलीसाठी मी तिथे नक्की चौकशी केली असती. अडॅप्ट, म्हणजे 1972 मध्ये सुरू झालेली पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, तिचं कौशल्य आणि रोजगाराचं काम चेंबूरला चालतं. मन ही संस्था मोठ्या मुलांना नोकरीसाठी तयार करते. आणि जुहूचं कॅफे अर्पण: यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डब्यांची सेवा चालवली, मग 2018 मध्ये हा कॅफे काढला. तिथे ऑर्डर घेण्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिझम असलेली मोठी माणसं काम करतात. मुलीला घेऊन एकदा तिथे जाऊन या. आपल्यासारखं कोणीतरी एप्रन घालून काम करतंय हे तिने बघणं महत्त्वाचं आहे. मुलीच्या क्षमतांचं मूल्यमापन करून घ्यायचं असेल तर खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. जुने लोक तिला एनआयएमएच म्हणतात.

कुठेही प्रवेश घेण्याआधी कामाच्या दिवशी, अकराच्या सुमाराला जाऊन बघा. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्याच संस्था छान दिसतात. आणि दोन प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत तुमची किती मुलं बाहेर नोकरीला लागली आणि त्यातली आज किती जण तिथेच आहेत? नोकरी लागल्यावर तुमचा माणूस किती दिवस सोबत येतो? दुसऱ्या प्रश्नाला 'आम्ही फोन करत राहतो' असं उत्तर मिळालं तर सोबतीचं काम तुम्हालाच करावं लागेल असं धरून चला.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या ए, बी आणि सी अशा पातळ्या आहेत, साधारण तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची. मुलीला आवड असेल तर जरूर करा, काही कोर्सना किमान इयत्ता विचारतात. पण दहावीच्या हट्टापायी तिची चार वर्षं घालवू नका. घड्याळ, शंभराच्या नोटेचे सुटे, पाटी वाचणं, स्वतःची सही, हे आधी.

कागदपत्रं मात्र लगेच करून घ्या. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळतं. तपासणीत बुद्ध्यांकाबरोबर सामाजिक परिपक्वतेची चाचणी होते. सौम्य असेल तर 50 टक्के, मध्यम असेल तर 75. दोन्ही 40च्या वर, म्हणजे सवलतींना पात्र. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय हा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा. त्याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालकत्व देते. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, तुमच्या पत्त्याप्रमाणे अर्ज करा. मात्र मुलगी सही करते, पैसे ओळखते, तर खातं तिच्याच नावावर उघडून बघा. सगळे अधिकार आधीच आपल्या हातात घेऊ नयेत असं माझं मत आहे. रेल्वेची 75 टक्के सवलत सोबतीच्या माणसासह प्रवासाला आहे, पासावर ती 50 टक्के मिळते. भाऊ एकटा जायला लागल्यापासून आम्ही त्याचा पूर्ण पैशांचा पास काढतो. आयकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांग मुलाच्या पालकांना (1961च्या कायद्यात कलम 80डीडी) 75,000 रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 1,25,000.

तुमच्यापैकी कोणी सरकारी नोकरीत असेल तर मुलीने नोकरी स्वीकारण्याआधी आपल्या कार्यालयात एक चौकशी करा. दिव्यांग अपत्याला कौटुंबिक निवृत्तिवेतन आजन्म मिळू शकतं, पण त्याच्या स्वतःच्या कमाईची अट असते. या भीतीने कितीतरी आईवडील मुलांना घरी बसवतात. नेमकी मर्यादा लेखी विचारून घेतली की भीती बरीच कमी होते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग अशा सगळ्यांमध्ये मिळून आहे. लेखी परीक्षेत आपली मुलं त्या रांगेत मागे पडतात. त्याची वाट बघत थांबू नका, खासगी ठिकाणी शोधा. तिथे नेमणूकपत्र मागा, किमान वेतन आहे का ते बघा, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा राज्य विमा, विचारा. ईएसआयसीची पगाराची मर्यादा इतरांना 21,000 आहे, दिव्यांगांना 25,000. 'तिला वेळ घालवायला जागा मिळतेय ना,' असं कोणी म्हणालं तर तिथे थांबू नका. भावाला पहिला पगार मिळाला तेव्हा त्याने आईला विचारलं होतं, 'हे माझे?' बाबांसाठी त्याने स्वतः जाऊन छत्री आणली.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. कोणत्या स्टेशनजवळ राहता, आणि घरात कोणी न सांगता ती स्वतःहून काय करते? कपड्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी, पोळ्यांची कणीक, काहीही चालेल. तेवढं सांगा, म्हणजे कुठल्या प्रकारच्या कामापासून सुरुवात करावी आणि तुमच्या मार्गावर कोणाला विचारावं ते मला नेमकं लिहिता येईल.