हवालदाराची कुंडली नको, स्वतःच्या तक्रारीची फाइल मागा

प्रश्न : चोरीची तक्रार द्यायला गेलेल्या माझ्या धाकट्या भावाला ठाण्यात एका हवालदाराने मारलं. अधीक्षकांकडे लेखी तक्रार केली. चार महिन्यांनी ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे’ एवढंच पत्र आलं. माहिती अधिकारात त्या हवालदारावरच्या आजवरच्या सर्व तक्रारी आणि शिक्षा मागितल्या, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार. आता काय करावं?

उत्तर : असा अर्ज फेटाळणं त्यांना सोपं जातं. मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश ही कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ सालीच म्हटलं. वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) पुढे डेटा संरक्षण कायद्याने आणखी आवळलं. सार्वजनिक हिताचा मुद्दा आता कलम ८(२) खाली मांडावा लागतो. नकाराविरुद्ध ३० दिवसांत प्रथम अपील जरूर करा, पण त्यावर विसंबू नका.

नवा अर्ज टाका. आपल्या तक्रारीचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा. चौकशी कोणाकडे दिली तो आदेश, घेतलेले जबाब, चौकशी अहवाल, त्यावरची टिपणी आणि शेवटचा आदेश, यांच्या प्रती मागा. ‘कारवाई का केली नाही?’ असं मुळीच विचारू नका. प्रश्न म्हणजे माहिती नव्हे, हे उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं देणं कलम ४(१)(डी) नुसार कार्यालयाचंच काम आहे, हे नमूद करा. साक्षीदारांची नावं कलम १० खाली झाकून द्या, असंही लिहा, म्हणजे तीही सबब उरत नाही. ‘तपासात अडथळा येईल’ हे कारण तर टिकणं अवघड आहे. कार्यवाही झाल्याचं त्यांनीच लेखी कळवलंय! ते पत्र अर्जाला जोडा.

घाई करायची ती सीसीटीव्हीसाठी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. घटनेची तारीख आणि वेळ देऊन ते जतन करा, असं पत्र आजच अधीक्षकांना द्या आणि पोच घ्या. मागाहून ‘कॅमेरा बंद होता’ असं सांगितलं, तर त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची आणि कॅमेऱ्याच्या दुरुस्तीच्या नोंदींची प्रत मागा. बंद कॅमेऱ्याचीही नोंद कुठेतरी असायला हवी.