कॉन्फिगर स्क्रिप्ट जुनीच लायब्ररी का उचलते?

प्रश्न : फ्रीटाइप या फॉन्ट रेखाटणाऱ्या लायब्ररीची २.१०.१ ही आवृत्ती मी सोर्सवरून कंपाइल करून होम डिरेक्टरीतल्या वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केली. तरीही एका प्रोग्रामची कॉन्फिगर स्क्रिप्ट (कंपाइल करण्याआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी) सिस्टिममधली जुनी आवृत्तीच उचलते, आणि दुसऱ्या, बऱ्याच जुन्या प्रोग्रामची स्क्रिप्ट ‘फ्रीटाइप-कॉन्फिग सापडत नाही’ असे सांगून थांबते. तीनदा इन्स्टॉल करून झाले. काय चुकते आहे?

उत्तर : त्याच पद्धतीने चौथ्यांदा इन्स्टॉल करूनही फरक पडणार नाही. कॉन्फिगर स्क्रिप्ट अशा लायब्ररीची माहिती सांगणाऱ्या एखाद्या साधनाला विचारते आणि ते जे मार्ग सांगेल ते कंपायलरला देते. म्हणून तिने कोणाला विचारले, हे आधी पाहावे. ते ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलमध्ये नोंदलेले असते. पडद्यावरच्या एका ओळीवरून तर्क करत बसण्यापेक्षा ही फाइल उघडणे केव्हाही चांगले.

पहिला प्रोग्राम बहुधा पीकेजी-कॉन्फिगला विचारतो. ते साधन लायब्ररीची आवृत्ती आणि मार्ग लिहिलेल्या ‘.पीसी’ फाइली वाचते, तुमची ‘फ्रीटाइप२.पीसी’ तुमच्या फोल्डरमधल्या ‘लिब/पीकेजीकॉन्फिग’मध्ये आहे, पण ती जागा त्याला ठाऊक नसल्याने सिस्टिमची फाइल पुढे येते. ही डिरेक्टरी ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या व्हेरिएबलमध्ये लिहा आणि ते एक्स्पोर्ट करायला विसरू नका. तिथल्या जागा नेहमीच्या जागांच्या आधी धुंडाळल्या जातात. मग पीकेजी-कॉन्फिगला आवृत्ती विचारली की उत्तर २३.१.१७ असे येईल. घाबरू नका, २.१०.१ चाच तो लिबटूल क्रमांक आहे, म्हणजे लायब्ररी बांधणाऱ्या लिबटूल या साधनासाठीचा वेगळा क्रमांक.

दुसऱ्या प्रोग्रामची अडचण वेगळी आहे. तो फ्रीटाइप-कॉन्फिग या फ्रीटाइपच्याच जुन्या माहिती-साधनाला विचारतो. २०१८ मध्ये आलेल्या २.९.१ पासून फ्रीटाइप-कॉन्फिग आपोआप इन्स्टॉल होत नाही, त्यामुळे ते तुमच्याकडे आलेलेच नाही. फ्रीटाइप कॉन्फिगर करताना ‘--एनेबल-फ्रीटाइप-कॉन्फिग’ हा पर्याय द्या, पुन्हा इन्स्टॉल करा आणि आपली ‘बिन’ डिरेक्टरी ‘पाथ’च्या (साधने शोधायच्या जागांच्या यादीच्या) सुरुवातीला जोडा, शेवटी नव्हे, कारण शोध डावीकडून सुरू होतो आणि पहिले सापडलेले साधनच वापरले जाते. त्या प्रोग्रामच्या ‘कॉन्फिगर.एसी’त (जिच्यावरून कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार होते त्या फाइलीत) बदल करणे शक्य असेल, तर तिथे पीकेजी-कॉन्फिगची चाचणी घालणे अधिक टिकाऊ ठरेल.

पुन्हा कॉन्फिगर करण्यापूर्वी ‘कॉन्फिग.कॅश’ असेल तर पुसा. तिच्यात जुनी उत्तरे साठलेली असतात. आणि लिनक्सवर तयार झालेला प्रोग्राम चालताना कोणती फ्रीटाइप घेतो, ते एलडीडी या कमांडने तपासा. तिथे जुनीच दिसली, तर ‘एलडीफ्लॅग्स’ या लिंकरच्या पर्यायांच्या व्हेरिएबलमधून आरपाथ (चालताना लायब्ररी शोधायची जागा) देऊन प्रोग्राम पुन्हा लिंक करावा लागेल.