काळं-निळं मोठं फुलपाखरू कोणतं, राहतं कुठं, आणि लिंबावरच्या अळ्यांना औषध कोणतं मारू?

औषध कोणतंच मारू नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात तळमजल्यावर राहता, पावसाळ्यात दारात मोठं काळं फुलपाखरू येतं, मागच्या पंखांवर निळा पट्टा आणि त्यात काळे ठिपके, शेपूट नाही, ते मुलीला फार आवडतं, त्याचा जीवनक्रम सांगा, आणि त्याच प्रश्नात खाली विचारलंय की कुंडीतल्या लिंबावर अळ्या झाल्यात, काय फवारू. तुमचे हे दोन्ही प्रश्न एकाच जिवाबद्दल असण्याची बरीच शक्यता आहे, आणि माझ्या घरात याच गोष्टीवरून कैक वर्षं वाद चाललाय म्हणून लिहायला बसलो.

फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन, मराठीत नीलवंत, काहीजण राणी पाकोळी म्हणतात. 2015 साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू केलं, तोवर देशात कुठल्याच राज्याला स्वतःचं फुलपाखरू नव्हतं. पंख पसरले की 12 ते 15 सेंटीमीटर, आपल्याकडं याच्याहून मोठं फक्त सदर्न बर्डविंग. वरून मखमली काळं आणि निळं, आणि पंख मिटून बसलं की पंखांच्या बुडाशी लाल ठिपके दिसतात, ते बघितलेत तर मग शंकाच नको. हे सगळीकडं सापडत नाही. पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढाच मुख्यतः याचा मुलूख. मूळचं ते भरपूर पावसाच्या सदाहरित जंगलातलं, सावलीच्या पायवाटांवरून, ओढ्याकाठानं फिरणारं, पण लिंबू-पपनस आणि जास्वंद असली की गावात, शहरातही येतं. ठाण्याला तर येऊरचं जंगल लागूनच आहे, येणारच.

आता आमच्या घरची गोष्ट. गाव सावंतवाडीजवळ, परसात वडलांनी लावलेलं पपनसाचं झाड, आमच्याकडं तोरंजन म्हणतात, गणपतीच्या वर बांधतात त्या माटवीत ते टांगायला लागतंच. मी नोकरीसाठी पुण्यात, घर-बागायत दादा बघतो. त्या वर्षी चतुर्थीला गेलो तर खळ्यात फवारणीचा पंप भरून तयार, दादा म्हणाला अळ्यांनी झाड खाल्लंय, फळं गळतायत, उद्या औषध मारतो. झाडाखाली खरंच फळं पडलेली होती, आणि कोवळ्या पालवीवर अळ्याही होत्या. दादाने दोन्ही गोष्टी जोडल्या. चारचौघं हेच करतात, झाडावर जे डोळ्यांना दिसतं त्याच्यावर आळ.

मी त्याला आधी अळी दाखवली. लहान असते तेव्हा काळपट-पांढरी, चिकट, हुबेहूब पाखराची शीट पडल्यासारखी, म्हणून पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बिनधास्त बसते, कुठला पक्षी शीट खायला येणार. चार वेळा कात टाकते, शेवटच्या अवस्थेत हिरवीगार होते, अंगावर तिरपे पट्टे, आणि मानेच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा. मी काडीने जरासं डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा ओला मऊ अवयव फट्कन बाहेर आला आणि असा उग्र आंबूस वास सुटला की दादा मागे सरकला. मुंग्या, किडे दूर ठेवायला तेवढंच हत्यार तिच्याकडं. चावत नाही, खाज नाही, काही नाही. पुतणीने हातावर घेतली होती.

मग पडलेली फळं उचलली. प्रत्येक फळाला सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोवती तपकिरी मऊ वर्तुळ, दाबलं की रस येतो. अळीला पानं कुरतडायला जबडे असतात, ती असलं भोक पाडत नाही आणि फळाकडं जात पण नाही. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन दादाला झाडाखाली नेलं. फळांवर जाडजूड पतंग बसलेले, उजेड पडला की डोळे लालभडक चमकतात, सोंड फळात खुपसलेली. हा रस शोषणारा पतंग. त्याची सोंड टोकाला कडक आणि काटेरी असते, साल फोडून आत जाते, मग त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळतं. आणि याची अळी पपनसावर वाढतच नाही, ती गुळवेल, वासनवेल असल्या वेलींवर वाढते. म्हणजे पपनसावर कितीही पंप मारा, हे पतंग बाहेरून रात्री येणार आणि रस पिऊन जाणार, मरणार ती बिचारी नीलवंताची पोरं. यावर उपाय म्हणजे पडलेली फळं रोज उचलून पुरणे, कारण कुजक्या फळाच्या वासावर हे आणखी येतात, आणि हाताला येतील त्या फळांना कापडी पिशव्या बांधणे. वहिनीने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, पिशवीतली फळं टिकली, पंप तसाच माडीवर गेला. दादा आजही पाहुण्यांना सांगतो की त्या वर्षी पाऊस कमी होता म्हणून फळं टिकली. दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहिती आहे, पिशवीबाहेरची फळं त्याच पावसात गळली होती.

तर नीलवंताचा जीवनक्रम, तुम्ही विचारलाय म्हणून. मादी पानावर बसून पुढच्या पायांनी टपटप करते, पायांनीच तिला चव कळते, हे झाड लिंबाच्या कुळातलं आहे की नाही ते ओळखते आणि मग पानावर एकेक सुटं अंडं घालते, गोल, फिकट हिरवट, पुढे पिवळट होत जातं. आठवड्याच्या आत अळी निघते, आधी अंड्याचं टरफल खाते, मग पान. अळी तीन-चार आठवडे, कोष दोनेक आठवडे, हवामानाप्रमाणे थोडं मागेपुढे. कोष करायच्या आधी अळी खाणं सोडते, पोट रिकामं करते, एखाद्या काडीला शेपटीकडून रेशमाने चिकटते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते, माडावर चढणारा कमरेला दोर घेऊन रेलतो ना तशी रेलून राहते. कोष पानासारखा हिरवा नाहीतर वाळक्या काडीसारखा तपकिरी, समोर असून दिसत नाही. आम्ही एक अळी फांदीसकट बरणीत ठेवली होती, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. सकाळी लवकर फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा पंख ओल्या चुरगळलेल्या कापडासारखे, पोट फुगलेलं, मग पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलत ढकलत पंख उलगडत गेले, आधी काळा रंग पसरला मग निळा. पुतणी शाळेला उशिरा गेली त्या दिवशी, आणि वहिनी काही बोलली नाही.

जंगलात याची अळी माकडलिंबू आणि त्याच्या भाऊबंदांवर वाढते, गावात लिंबू, ईडलिंबू, पपनस. फुलपाखरू मध खायला जास्वंद, एक्झोरा, मुसेंडा, पेंटास असल्या फुलांवर येतं, जागेवर स्वस्थ बसत नाही, पंख फडफडत ठेवूनच पितं, म्हणून फोटो हलतात. ओढ्याकाठी ओल्या वाळूवर बसलेले दिसतात ते बहुतेक नर, क्षार शोषायला. आंबोलीला पाऊस ओसरला की बघा.

हल्ली फुलपाखरू उद्यानं काढायची फॅशन आलीय, एका ठिकाणी मी गेलो तर नुसत्या फुलांचे वाफे, अळ्यांना खायला एक झाड नाही, आणि माळी फवारत होता. मध पाजायला बोलवायचं आणि पोरांना विष घालायचं, हे मला पटत नाही आणि पटणार नाही. मोठं झाड अळ्यांनी मरत नाही. कोवळी पानं जातात, नवी पालवी फुटते. ज्याला फुलपाखरू पाहिजे त्याने पानं द्यावीत. आणि तशाही बऱ्याच अळ्या पक्षी, गांधीलमाश्या आणि त्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या माश्या आणि बारक्या गांधिली संपवतात, तुम्ही वेगळं काही करायची गरज नसते.

आता दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या अळ्या नीलवंताच्याच आहेत असं मी छातीठोक सांगत नाही, कुंडीतल्या लिंबावर जास्त करून लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या दुसऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, लहानपणी तिन्ही पाखराच्या शीटेसारख्याच दिसतात. नीलवंताची अळी शेवटी बरीच थोराड होते, पण खात्री करायची तर एक बरणीत वाढवा, मुलीला पण बघायला मिळेल, पानं रोज ताजी द्या, तळाची लेंडकं रोज काढा, ओल राहिली तर अळी बुरशीने जाते. दुसरं, कुंडीतलं रोप गुडघ्याएवढं असेल आणि त्यावर सात-आठ अळ्या असतील तर रोप खरंच ओकंबोकं होईल. तेव्हा एक-दोन ठेवा, बाकीच्या हाताने उचलून शेजारपाजारच्या मोठ्या लिंबावर सोडा, ज्यांचं झाड आहे त्यांना विचारून. नर्सरीवाल्यांचं आणि संत्र्याच्या बागायतदारांचं गणित वेगळं, त्यांची हजारो कोवळी रोपं असतात, त्यांना मी शिकवायला जात नाही. आणि नवीन रोप नर्सरीतून आणलं असेल तर त्यावर आधीच औषध मारलेलं असू शकतं, पहिली पालवी गळून नवी येईपर्यंत त्याची पानं अळीला घालू नका.