आवडतंय तिथे घालू की परवडतंय तिथे?

नाशिकला कॉलेज रोडवर मी ॲडमिशनचा सल्ला देते, जून-जुलै आला की माझ्या केबिनमध्ये पालकांचा हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच. मागच्या वर्षीची एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पिंपळगाव बाजूचं कुटुंब, घरची द्राक्षबाग. मुलीला सीईटीत बरे मार्क, कॅप राऊंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, नाशिकच्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळत होतं, म्हणजे डिग्री पुणे विद्यापीठाची. आणि दुसरीकडे पुण्यातलं एक खासगी विद्यापीठ, वर्षाला तीन लाख फी, हॉस्टेल वेगळं. तिचं एकच पालुपद, "मला तिथेच फिट वाटतं." पप्पा म्हणाले काढू की लोन, एक हंगाम चांगला गेला की फिटलं.

मी म्हटलं आधी हिशोब मांडू. त्यांनी पिशवीतून फवारणीच्या औषधांची उधारी लिहायची डायरी काढली, तिच्याच मागच्या पानावर लिहायला घेतलं. चार वर्षांत बारा लाख, दहा टक्के धरा. कोर्स संपून सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं हे बरेच जण विसरतात, त्यामुळे हप्ता सुरू होईपर्यंत आकडा साडेपंधरा लाखांवर जातो आणि मग दहा वर्षं महिन्याला वीस हजारांच्या वर. बागेचा पैसा वर्षातून एकदा, तोही अवकाळीने सोडला तर, आणि हप्ता मात्र दर महिन्याला! पप्पा गप्पच झाले.

दुसरी गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला ॲडमिशन मिळालं तर ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी विद्यापीठाला आणि मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही.

आता एवढं ऐकून नाशिक फायनल करून टाकता आलं असतं. पण मी एकदा असंच एका मुलाला स्वस्त आहे म्हणून ढकललं होतं, दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं, ते अजून खुपतं. म्हणून तिला विचारलं, विद्यापीठाचं नाव न घेता सांग, तिथे असं काय आहे?

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "लॅब रात्रीपर्यंत उघडी असते."

त्याचं काय एवढं? तर अकरावी-बारावी दोन वर्षं ती रोज नाशिकला अपडाऊन करत होती. तीस-एक किलोमीटर, पण नाशिकच्या द्वारका चौकात अडकलं की संपलंच, घरी पोचेपर्यंत आठ, जेवण, भांडी, आणि पुस्तक उघडलं की झोप. पुण्यात गेलं की हे संपणार, एवढंच तिचं फिट होतं. पप्पा तिच्याकडे बघतच राहिले, "हे कधी बोलली नाहीस गं."

म्हणजे प्रश्न विद्यापीठाचा कमी आणि एसटीच्या प्रवासाचा जास्त. कॉलेजजवळ रूम आणि मेस धरली तरी महिन्याला दहा हजार, वर्षाचे दहा महिने, चार वर्षांचे चार लाख. तेही कमी नाहीत, पण लोन लागत नाही. तरी मी लगेच हो म्हणू दिलं नाही. म्हटलं कॉलेजात जा आणि सरांना नाही, तिसऱ्या वर्षाच्या पोरींना विचार, पाचनंतर लॅब मिळते का, प्रोजेक्ट कधीपासून करू देतात. दोन दिवसांनी परत आली. लॅब साडेपाचला बंद होते, पण टेक क्लबमध्ये असलं तर सरांना सांगून उशिरापर्यंत बसता येतं. थोडी हिरमुसली होती, खोटं कशाला सांगू. पण ॲडमिशन नाशिकलाच घेतलं.

निघताना पप्पांनी त्या विद्यापीठाचं चकचकीत ब्रोशर माझ्या टेबलावर ठेवलं, "मॅडम, तुम्हालाच राहू द्या, कोणाला तरी उपयोग होईल."

तिने ते उचलून सॅकमध्ये टाकलं. "असू दे पप्पा."