किबानाच्या चार्टमधले साडेपाच तास

तुमची पोस्ट वाचली आणि माझी तीन वर्षांपूर्वीची जागरणं आठवली. आत्ता टाकलेली ऑर्डर किबानात (साठलेल्या नोंदी शोधायच्या आणि चार्ट करायच्या स्क्रीनमध्ये) दिसत नाही, 'लास्ट १५ मिनिट्स' लावलं की सकाळच्या नोंदी येतात, आणि टाइम पिकर उद्यापर्यंत ताणला की तीच ऑर्डर सापडते, असं तुम्ही लिहिलंय. तुमची केक्यूएल (किबानाच्या शोधभाषेतली) क्वेरी बरोबर आहे. फिल्टर लावून-काढून बघण्यात आणखी एक दिवस घालवू नका.

किबानामागचा डेटा जिथे साठतो ते इलॅस्टिकसर्च वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं. तुमचं ॲप लॉगमध्ये (आपल्या नोंदींच्या फाइलमध्ये) भारतीय वेळ लिहीत असेल, पण पुढे +०५:३० जोडत नसेल. मग दुपारी ४ ची नोंद १६:०० यूटीसी म्हणून साठते आणि ब्राउझर ती रात्री साडेनऊला दाखवतो. रोजच्या बार चार्टमध्ये संध्याकाळी साडेसहानंतरच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवसात जातात, ते यामुळेच. खात्री करायची तर फक्त आत्तापासून पुढच्या सहा तासांची रेंज लावा. तिथे नोंदी दिसल्या की दुखणं कळलं.

आता जे मला सगळ्यात महागात पडलं ते सांगतो. आमचे लॉग आत घेण्याचं काम दुसऱ्या एका ऑफिसकडे होतं. मी तीन तिकिटं टाकली, तिन्ही वेळा 'आमच्याकडून डेटा व्यवस्थित येतोय' म्हणून बंद झाली. चौथ्यांदा सल्ला आला, किबानाच्या सेटिंगमध्ये टाइमझोन यूटीसी करा. मी केला. चार्टवरची वेळ घड्याळाशी जुळली, सगळे खूश. पण ते सेटिंग फक्त दाखवण्याचं असतं, साठलेली वेळ आहे तीच राहते. आमचा अलर्ट शेवटची ५ मिनिटं तपासायचा, म्हणजे प्रत्यक्षात साडेपाच तासांपूर्वीची. एका सोमवारी सकाळी ९ ला पेमेंट अडकायला लागली आणि अलर्ट आला दुपारी अडीचला. तोवर लोकांनी दोन-दोनदा पैसे भरले होते. ते परत करणं आम्ही महिनाभर निस्तरत होतो. लोकांचे पैसे अडकतात तिथे 'आमच्याकडून ठीक आहे' एवढ्यावर तिकीट बंद करणं मला आजही बेजबाबदारपणाचं वाटतं.

म्हणून माझं ठाम मत: किबानाचं टाइमझोन सेटिंग 'ब्राउझर'वरच ठेवा आणि दुरुस्ती डेटा आत येतो तिथे करा. लॉगस्टॅश (लॉग वाचून इलॅस्टिकसर्चला पाठवणारं साधन) असेल तर डेट फिल्टरमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहा. तो नाही लिहिला तर लॉगस्टॅश आपल्या सर्व्हरचा टाइमझोन धरतो. इलॅस्टिकसर्चच्या इन्जेस्ट पाइपलाइनच्या (डेटा साठण्याआधीच्या प्रक्रियेच्या) डेट प्रोसेसरमध्येही हाच पर्याय आहे, तिथे न सांगितल्यास यूटीसी धरलं जातं. सगळ्यात चांगलं म्हणजे ॲपलाच ऑफसेटसकट, म्हणजे +०५:३० जोडून, वेळ लिहायला लावा. जुना डेटा मात्र आपोआप सुधारत नाही, री-इंडेक्स करताना (तो नव्या इंडेक्समध्ये, म्हणजे नव्या साठ्यात, पुन्हा भरताना) साडेपाच तास वजा करावे लागतात. आधी एका छोट्या इंडेक्सवर करून बघा. माझा अनुभव आवृत्ती ७ आणि ८ चा आहे, तुमची मांडणी वेगळी असू शकते.

जाता जाता, शहरानुसार चार्ट करताना 'नवी' आणि 'मुंबई' वेगळे मोजले जात असतील तर टेक्स्ट फील्ड (जे शब्द सुटे करतं) धरलं गेलंय. त्याचं कीवर्ड फील्ड (जे पूर्ण नाव एकच धरतं) निवडा.

तरीही अडलं तर लॉगची एक कच्ची ओळ इथे टाका, मोबाइल नंबर झाकून.